युक्तिवादाचा सांगाडा बघायला शिकूया

(युवक अभ्यासवर्गात केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



आजचा विषय पाश्चात्त्य तत्त्वज्ञानातले गाजलेले युक्तिवाद असा आहे. नाव ऐकून काहींनी मागच्या रांगेत जागा धरली आहे, ते मला दिसतंय. म्हणून सुरुवात तत्त्वज्ञांपासून न करता माझ्या घरापासून करते.

बारावीनंतर मला शिकायला शहरात जायचं होतं. घरात बैठक बसली. चाचा म्हणाले, "आपल्या खानदानात आजवर एकही मुलगी बाहेरगावी शिकायला गेलेली नाही. तेव्हा हिनंही जायचं नाही." यात काहीतरी चुकतंय हे मला कळत होतं. पण काय चुकतंय ते सांगता येईना. मी रडले, चिडले, उठून गेले. निकाल चाचांच्या बाजूनं लागला आणि माझं एक वर्ष गेलं. त्या दिवशी मला जे सुचलं नाही, ते आज तुमच्यासमोर मांडते.

युक्तिवाद म्हणजे काय? काही विधानं आधार म्हणून द्यायची आणि त्यांवरून एक निष्कर्ष काढायचा. युक्तिवाद समोर आला की दोन प्रश्न विचारायचे आणि ते वेगवेगळे विचारायचे. पहिला: आधारविधानं खरी धरली, तर निष्कर्ष त्यांतून निघतोच का? दुसरा: ती आधारविधानं मुळात खरी आहेत का?

बघा. सर्व मासे पाण्यात राहतात. कासव पाण्यात राहतं. म्हणून कासव मासा आहे. इथं निष्कर्ष आधारातून निघतच नाही. सांगाडाच मोडका आहे. आता दुसरं. सर्व पक्षी उडतात. शहामृग पक्षी आहे. म्हणून शहामृग उडतो. हा सांगाडा पक्का आहे. तर्कशास्त्रात याला वैध म्हणतात. तरी निष्कर्ष खोटा आहे, कारण पहिलं विधान खोटं आहे. आपल्या बहुतेक वादांत हे दोन प्रश्न एकमेकांत मिसळतात आणि तिसराच पुढे येतो: बोलणारा आपला की परका?

हे शास्त्र आपल्याला परकं आहे, असं कुणी समजू नये. ॲरिस्टॉटलचं तर्कशास्त्र अरबीत आलं आणि 'मन्तिक' म्हणून रुजलं. इमाम गझालींनी तत्त्वज्ञांवर 'तहाफुत अल-फलासिफा'सारखा घणाघाती ग्रंथ लिहिला, पण तर्कशास्त्र टाकून दिलं नाही. उलट 'अल-मुस्तस्फा' या उसूल-ए-फिकहवरच्या ग्रंथाची सुरुवातच त्यांनी तर्कशास्त्राच्या प्रस्तावनेनं केली. मन्तिक हा दर्स-ए-निजामीतलाही जुना विषय आहे.

आता एक गाजलेला युक्तिवाद घेऊ. अकराव्या शतकात अन्सेल्म नावाचे ख्रिस्ती धर्मपंडित होऊन गेले. पुढे ते कँटरबरीचे आर्चबिशप झाले. 1078 च्या सुमारास 'प्रोस्लोगियॉन' या पुस्तकात त्यांनी ईश्वराचं अस्तित्व केवळ विचारानं सिद्ध करायचा प्रयत्न केला. त्याचा सांगाडा असा:

एक, ज्याच्याहून थोर कशाची कल्पनाच करता येत नाही, तो ईश्वर.
दोन, ही कल्पना आपल्याला समजते, म्हणजे तो निदान मनात तरी आहे.
तीन, नुसतं मनात असण्यापेक्षा प्रत्यक्षात असणं थोर आहे.
चार, तो फक्त मनातच असेल, तर त्याच्याहून थोर, म्हणजे प्रत्यक्षात असलेला, कल्पिता येईल. पण हे पहिल्या विधानाच्या विरुद्ध जातं.
म्हणून ईश्वर प्रत्यक्षात आहे.

ऐकताना वाटतं, काहीतरी हातचलाखी झाली. पण कुठे? गौनिलो नावाच्या एका साधूनं वेगळा मार्ग काढला. त्यानं तोच सांगाडा उचलला आणि ईश्वराच्या जागी एक बेट ठेवलं. ज्याच्याहून उत्तम बेटाची कल्पना करता येत नाही, असं बेट. ते मनात आहे. प्रत्यक्षात असणं जास्त उत्तम. म्हणून ते बेट समुद्रात कुठेतरी असलंच पाहिजे! हे तर कुणीच मानणार नाही. मग त्याच साच्यातून निघालेला पहिला निष्कर्ष तरी का मानायचा?

या प्रसंगात दोन गोष्टी लक्षात ठेवण्यासारख्या आहेत. गौनिलो स्वतः ईश्वर मानणारा होता. निष्कर्ष त्याला मान्य होता, तिथे पोचण्याची वाट मान्य नव्हती. आपल्याकडे कुणी एखाद्या युक्तिवादावर बोट ठेवलं की लगेच त्याच्या ईमानावर शंका घेतली जाते. या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. दुसरं, अन्सेल्मनी गौनिलोला गप्प केलं नाही. हा युक्तिवाद बेटाला लागूच होत नाही, फक्त त्या एकाच सर्वोच्च सत्तेला लागू होतो, असं उत्तर त्यांनी लिहिलं. आणि गौनिलोची टीका व आपलं उत्तर, दोन्ही पुस्तकाच्या पुढच्या प्रतींना जोडायला सांगितलं. पुढे कांटनं 1781 मध्ये तिसऱ्या विधानाच्या मुळावरच घाव घातला: 'असणं' हा थोरपणासारखा गुण नाहीच. वाद अजूनही संपलेला नाही. पण कोण कुठल्या विधानाशी भांडतोय, हे स्पष्ट दिसतं.

आता चाचांकडे येऊ. स्कॉटलंडच्या डेव्हिड ह्यूमनं 1740 साली एक साधं निरीक्षण नोंदवलं. नीतीवर लिहिणारे आधी 'असं आहे' असं सांगत जातात आणि मध्येच, न सांगता, 'असं असावं' वर येतात. पण नुसत्या 'आहे' मधून 'असावं' निघत नाही. मध्ये एक पायरी लपलेली असते. चाचांचं आधारविधान 'आजवर कुणी गेलं नाही' एवढंच होतं, आणि ते खरं होतं. लपलेली पायरी अशी: 'जे आजवर झालं नाही, ते पुढेही होऊ नये.' ती मोठ्यानं म्हणून बघा. मग गौनिलोचं बेट आठवा. आमच्या खानदानात तोवर कुणी मोटारसायकलही घेतली नव्हती. चाचांनीच पहिली घेतली!

पण हत्यार दुधारी आहे. 'सगळ्यांच्या मुली जातात, म्हणून मलाही जाऊ द्या' असं मी म्हणत होते. तोही 'आहे' वरून 'असावं' वर मारलेला उडीचाच प्रकार. माझा सांगाडाही तितकाच मोडका होता.

वर्षभरानंतर गाडी हलली ती अम्मीमुळे. अम्मी सातवी शिकलेली. तिनं चाचांना शांतपणे विचारलं, नेमकी भीती कशाची आहे? तेव्हा कळलं, होस्टेल कसं असेल याची त्यांना काळजी होती. म्हणजे खरं आधारविधान खानदानाचं नव्हतंच, सुरक्षिततेचं होतं. ते तपासता येण्यासारखं होतं. अब्बा आणि चाचा जाऊन होस्टेल बघून आले आणि मी शिकायला गेले. समोरच्याचं लपलेलं विधान शोधायचं ते त्याला हरवण्यासाठीच असं नाही. कधीकधी त्याच्या मनातली खरी गोष्ट त्यातूनच कळते.

शेवटचा युक्तिवाद जॉन स्टुअर्ट मिलचा, 1859 च्या 'ऑन लिबर्टी'मधला. एखादं मत दाबावं का? मिल सगळ्या शक्यता मांडतो. ते मत खरं असेल, तर दाबून आपण सत्याला मुकतो. अर्धंमुर्धं खरं असेल, तर सत्याचा उरलेला भाग हातचा जातो. आणि साफ खोटं असेल, तरी तोटाच. कारण ज्याला कुणी प्रश्न विचारत नाही, ते सत्य नुसतं पाठ केलेलं राहतं, त्याची कारणं विसरली जातात. तिन्ही वाटांनी नुकसानच. सांगाडा पक्का आहे. ज्याला असहमत व्हायचं आहे, त्यानं एखादी वाट निवडावी आणि तिथे नुकसान होत नाही किंवा दाबण्याचा फायदा जास्त आहे, हे दाखवावं. मिलनं स्वतःही मर्यादा सांगितली आहे. धान्याचे व्यापारी गरिबांना उपाशी मारतात, हे वर्तमानपत्रात लिहायला हरकत नाही; पण व्यापाऱ्याच्या दारात खवळलेल्या जमावापुढे तेच ओरडणं वेगळं. जमाव म्हणजे काय, हे आपल्याला कुणी समजावून सांगायची गरज नाही. पण घरच्या आणि मोहल्ल्याच्या ग्रुपवर कुणी प्रश्न विचारला की त्याला 'रिमूव्ह' करणारे आपणच असतो. तेव्हा मिलच्या तीन वाटा आठवाव्यात.

आज घरी गेल्यावर एक काम करा. तुम्हाला सर्वात पटणारं एक मत घ्या. विरोधकाचं नको, स्वतःचंच. कागदावर त्याची आधारविधानं एकाखाली एक लिहा, खाली रेघ मारा आणि निष्कर्ष लिहा. मग लपलेली पायरी शोधा. ती पुढच्या बैठकीत घेऊन या. आपण सगळे मिळून तपासू. सुरुवात माझ्या कागदापासून करू.