नऊने भाग जाणारा फरक
(रौप्यमहोत्सवी कार्यक्रमात केलेले भाषण)



सेक्रेटरींनी मला ‘ताणतणाव आणि झोप’ हा विषय दिलाय. मी काही डॉक्टर नाही. चौतीस वर्षं बँकेत आकडे जुळवले, तेव्हा आकड्यांतलंच सांगतो.

१९८४ चं डिसेंबर क्लोजिंग. त्या काळी बँकांचं वर्ष ३१ डिसेंबरला संपायचं आणि सगळा हिशेब हातानं व्हायचा. सेव्हिंग्जच्या लेजरांची बेरीज जनरल लेजरशी जुळेना. फरक ५,४०० रुपयांचा. सकाळी सहाला उठलेला मी रात्री एक वाजता तीच पानं उलटत होतो. चिडून एका नव्या क्लार्कवर सगळ्यांदेखत ओरडलो. पोरगा रडवेला झाला. शेवटी मॅनेजरसाहेबांनी आम्हाला घरी पिटाळलं.

सकाळी येऊन बसलो आणि दहा मिनिटांत चूक सापडली. ८,२०० च्या जागी २,८०० लिहिलेले. अक्षर माझंच! फरकाला नऊने भाग गेला की आधी आकड्यांची अदलाबदल तपासायची, हे मीच नवीन मुलांना शिकवत असे. रात्री तेवढंच आठवलं नाही. तिजोरी भरलेली, पण किल्ली सापडत नाही, अशी डोक्याची गत.

यामागचं शास्त्र पुढे वाचनात आलं. सतरा तास सलग जागं राहिलेल्या माणसाचं काम रक्तात ०.०५ टक्के अल्कोहोल असल्यासारखं ढेपाळतं, असं १९९७ साली ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी दाखवलं. मी तर एकोणीस तास जागा होतो! दिवसा वाचलेलं मेंदूत पक्कं बसतं तेही झोपेतच. थोडा ताण माणसाला कामाला लावतो; फार झाला की लक्ष उडतं. ताणानं झोप जाते, झोप गेली की ताण वाढतो. चक्रवाढ व्याजच ते!

म्हणून दहावी-बारावीच्या पालकांना विनंती, परीक्षेच्या आदल्या रात्री मुलांना वेळेवर झोपवा. मोठ्यांना निदान सात तास झोप हवी, मुलांना त्याहून जास्त. आणि जनरल बॉडीत पार्किंगचा विषय रात्री दहानंतर काढू नका.

त्या क्लार्कची मी सकाळी सगळ्यांसमोर माफी मागितली. तो “असू द्या, साहेब” म्हणाला, पण पुढे वर्षभर माझ्या टेबलाशी बिचकतच यायचा. लेजरमध्ये चुकीचा आकडा खोडून बाजूला सही केली की भागतं. इथे तशी सोय नव्हती.

साडेनऊ वाजलेत, आवरतं घेतो.