तेलाचे करार आणि जनतेचा हक्क

(नरडाणा येथील कार्यकर्त्यांच्या बैठकीत केलेले भाषण)



नरडाण्यात तेलाची विहीर नाही. मग तेलाच्या कायद्यांवर येथे बोलण्याचे प्रयोजन काय, असे काहींच्या मनात आले असेल. प्रयोजन आहे. मुंबईहून मनमाडजवळच्या पानेवाडीस आणि तेथून इंदूरजवळच्या मांगल्यास जाणारी तेलवाहिनी खानदेश ओलांडल्यावाचून जात नाही. अशा वाहिन्यांसाठी १९६२ सालचा एक स्वतंत्र कायदा आहे.

त्याची रचना मोठी चतुर आहे. सरकार जमीन घेत नाही. सातबारा शेतकऱ्याच्याच नावावर राहतो. घेतला जातो तो केवळ वापराचा हक्क. परंतु घोषणा झाली की त्या पट्ट्यात घर बांधता येत नाही, विहीर वा तळे खणता येत नाही, झाड लावता येत नाही. जेथे विहीर खणण्यास मनाई, त्या जमिनीचे मोल काय उरते, हे खानदेशातील श्रोत्यांना मी सांगावयास नको. या मनाईची किंमत कायद्याने ठरवून टाकली आहे: बाजारभावाच्या १० टक्के. तीही पहिल्या अधिसूचनेच्या दिवशीच्या भावाने. पिकाचे प्रत्यक्ष नुकसान वेगळे मिळते, इतकेच. हरकत घेण्यास मुदत २१ दिवसांची. आणि अधिसूचना छापली जाते भारताच्या राजपत्रात, जे आपल्या चावडीवर कोणी वाचत नाही.

मागे एकदा मी एका कार्यालयात अशाच एका वाहिनीचे गट क्रमांक पाहावयास मागितले. 'गोपनीय आहे,' असे उत्तर मिळाले. पुढे कळले की ते सर्व गट क्रमांक राजपत्रात छापून प्रसिद्ध झालेले होते! त्या कारकुनाला मी दोष देत नाही. कागद दाखवू नये, हीच शिकवण त्याला वरून मिळालेली असते.

ती वरची शिकवण पाहायची तर तेल निघते तेथपर्यंत जावे लागते. तेलक्षेत्रांचा मूळ कायदा १९४८ चा. त्यात नियम आहेत, आणि १२ व्या कलमात सार्वजनिक हिताच्या नावाने नियमांहून वेगळ्या अटींवर पट्टा देण्याची मुभाही आहे. म्हणजे खरा कायदा पुस्तकात नसून करारात असतो. मुंबईच्या समुद्रातील पन्ना-मुक्ता हे क्षेत्र सार्वजनिक क्षेत्रातील तेल आणि नैसर्गिक वायू आयोगाने शोधले. शोधाची जोखीम जनतेच्या पैशाने उचलली गेली. आणि डिसेंबर १९९४ मध्ये, जोखीम बहुतांशी सरल्यावर, एन्रॉन व रिलायन्स हे त्यात भागीदार झाले. करार २५ वर्षांचा होता; तो २०१९ मध्ये संपला.

अशा करारांचे अर्थशास्त्र साधे आहे. कंपनीने आधी आपला खर्च वसूल करावयाचा आणि उरलेल्या नफ्यात सरकारचा वाटा. म्हणजे खर्चाचा आकडा जितका फुगेल, तितका जनतेचा वाटा आटेल वा लांबणीवर पडेल. खर्चाची वही हीच येथे मुख्य गोष्ट. पन्ना-मुक्ताच्या खर्चवसुलीवरून २०१० मध्ये वाद लवादाकडे गेला. त्या लवादाचे स्थान लंडन असल्याचे सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये मान्य केले. तेल आपल्या समुद्रातले, हिशेबाचे भांडण मात्र परदेशात! कृष्णा-गोदावरी खोऱ्यातील वायूच्या करारावर महालेखापालांनी २०११ मध्ये गंभीर आक्षेप नोंदवले, तेव्हा कुठे सामान्य माणसाला आतले काही दिसले.

समुद्राखालची खनिजे केंद्राच्या स्वाधीन आहेत, असे राज्यघटनेचे २९७ वे कलम सांगते. वायू कंपनीचा नसून जनतेचा आहे आणि सरकार त्याचे विश्वस्त आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये स्पष्ट केले. विश्वस्ताने मालकाला हिशेब दाखवू नये, हे कोणत्या न्यायात बसते? भूकंपलहरींच्या मोजणीची माहिती लिलावापूर्वी गुप्त ठेवावी, हे मला मान्य आहे. झालेल्या खर्चाला मात्र ते लागू होत नाही.

२००५ च्या माहिती अधिकार कायद्यात व्यापारी गुपिताची सबब आहे. ८ व्या कलमातील (घ) हा खंड. पण त्याच खंडात व्यापक जनहित असेल तर माहिती द्यावी, असेही म्हटले आहे. आपले कार्यकर्ते पहिले वाक्य ऐकून परततात. दुसरे वाक्य अर्जातच लिहा.

या तालुक्यात वाहिनीची नवी अधिसूचना निघाली, तर पहिल्याच दिवशी विचारा: राजपत्राची प्रत गावात लोकांना कोणत्या तारखेस उपलब्ध झाली? कारण अशा अधिसूचनांत २१ दिवस बहुधा त्या तारखेपासून मोजतात. मग गट क्रमांकांची यादी, पट्ट्याची रुंदी आणि बाजारभाव ठरविणारा कागद मागा. अर्जाचे शुल्क १० रुपये, उत्तराची मुदत ३० दिवस. म्हणजे उत्तर येईपर्यंत हरकतीची मुदत उलटलेली असेल. म्हणून उत्तराची वाट पाहू नका. हरकत लेखी द्या, समक्ष सुनावणी मागा, आणि पोच घेतल्याशिवाय कचेरीतून उठू नका.