परसातली जागा कुणाची?

(महिला मंडळांच्या मेळाव्यात केलेले भाषण)



अकोले तालुक्यातल्या आदिवासी गावांत काम सुरू केले तेव्हा मी एक पाहणी करत होते. 'काय काम करता?' या प्रश्नाला एक बाई म्हणाली, "काही नाही ताई, घरीच असते." मी 'घरकाम' असे लिहून मोकळी झाले. आणि ती उभी होती परसात, घेवड्याच्या वेलाला काठी लावत! न्हाणीचे पाणी अळूला आणि केळीला जात होते. कडेला शेवगा, मिरची, हळद. बियाण्यासाठी राखलेला दुधी आढ्याला टांगलेला, वालाचे बी राखेत घोळून मडक्यात भरलेले. माझ्या फॉर्मात यातल्या कशालाच रकाना नव्हता.

याच तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांना २०२० साली पद्मश्री जाहीर झाली. शाळेत न गेलेल्या या बाईने गावठी वाणांचे बियाणे जमवले, जपले, वाटले. आपल्याला आनंद झालाच. पण राहीबाईंचा फोटो भिंतीवर लावणाऱ्या किती घरांत आपल्याच सुनेच्या बियाण्याच्या मडक्याला किंमत आहे?

पूर्वीचे सगळे चांगले होते, असे मी म्हणत नाही. तसे म्हणणाऱ्यांना मी हंडा घेऊन उन्हाळ्यात विहिरीवर पाठवीन. नळ हवा, गॅस हवा, पक्के घर हवे. प्रश्न हा आहे की हे येताना निर्णय कोण घेते. वर सांगितलेल्या बाईच्या घरी मोटारसायकल आली. ती ठेवायला मागे सिमेंटचा कोबा घातला, वर पत्रे टाकले. ती आठ दिवस माहेरी गेली होती. परत आली तर अळू नाही, मंडप नाही. "मला विचारलं असतं तर मी दुसरीकडं जागा दाखवली असती," एवढेच ती म्हणाली. आता भाजी बाजारातून येते, आणि बाजाराचे पैसे नवऱ्याकडे मागावे लागतात. पूर्वी दोन भोपळे विकून मुलीच्या वह्या ती स्वतः आणायची.

बियाण्याचेही तेच. संकरित वाणाचे बी राखून पेरले तर पुढच्या वर्षी तसेच पीक येत नाही, म्हणून दर मृगाला पुडी विकत. पुन्हा पैसे, पुन्हा मागणे.

हल्ली बचत गटांमार्फत पोषण परसबागा होतात, ते चांगलेच आहे. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या निम्म्याहून अधिक बाया रक्तक्षयाच्या आढळल्या. पण परसबाग करा म्हणून बाईला सांगायचे, पाणी तिनेच घालायचे, शेळ्या तिनेच हाकायच्या, आणि पानात मात्र उरलेला रस्सा तिच्या! अशाने रक्त कसे वाढेल? बागेचे काम घरातल्या पुरुषांनीही वाटून घेतले पाहिजे. आणि घरपट्टीच्या उताऱ्यावर तिचे नाव लागले पाहिजे, म्हणजे निदान कोबा घालण्यापूर्वी कुणी विचारील.

त्या बाईने यंदा शेजारणीच्या कुंपणाला दोडका लावला आहे. बी तिचे, जागा शेजारणीची, भाजी निम्मी-निम्मी.

दुपारच्या गटचर्चेत आपापल्या गावातले उतारे कुणाच्या नावावर आहेत ते सांगा. बियाणे आणलेल्यांनी पुडीवर वाणाचे नाव लिहून ठेवा, जेवणानंतर अदलाबदल करू.