खवल्यांचे दप्तर



मत्स्यविज्ञान परिषदेच्या अध्यक्षाने आपल्या किनाऱ्यावरील बोंबील, बांगडा आणि पापलेट यांच्या घटत्या उत्पन्नाचा हिशेब मांडावा, सरकारदरबारी चार मागण्या नोंदवाव्यात आणि आसनस्थ व्हावे, असा प्रघात आहे. तो बाजूला ठेवून उत्तर अटलांटिक व उत्तर पॅसिफिक महासागरांत संचार करणाऱ्या साल्मन माशाविषयी मी आज बोलणार आहे. हा मासा समुद्रात जातो कोठे आणि खातो काय, या प्रश्नाची उकल ज्या मार्गाने झाली त्या मार्गात आपल्यासारख्या कचेरीतल्या माणसांचा वाटा मोठा आहे, आणि तो वाटा सहसा कोणी सांगत नाही.

अटलांटिक साल्मनचे चरित्र थोडक्यात असे. थंड, खळाळत्या नदीच्या तळाशी गोट्यांखाली जन्मलेले पिल्लू दोनतीन वर्षे नदीतच काढते. मग वीतभरही लांबी नसताना अंगावर रुपेरी झळाळी चढवून ते समुद्रात उतरते, तेथे एक, दोन, क्वचित तीन हिवाळे घालवते, आणि कित्येक किलो वजनाचा मासा होऊन बहुधा आपल्याच जन्मनदीत अंडी घालण्यासाठी परतते. नदीत शिरल्यावर ते अन्न वर्ज्य करते. म्हणजे देहाची जवळजवळ सारी पुंजी समुद्रात कमावलेली असते, आणि नेमक्या त्या कमाईच्या काळाविषयी माणसाला शतकानुशतके काहीही माहीत नव्हते.

परतीचा पुरावा तुलनेने लवकर मिळाला. आयझॅक वॉल्टनच्या १६५३ सालच्या मत्स्यपारधीवरील ग्रंथात पिल्लांच्या शेपटीला फीत बांधून ती ओळखल्याचा उल्लेख आहे, आणि १९०५ मध्ये स्कॉटलंडातील टे नदीवर मॅलॉक यांनी समुद्राकडे निघालेल्या पिल्लांना रुपेरी तारेची खूण करून त्यांतली काही मोठी होऊन तेथेच परतल्याचे दाखवून दिले. परंतु जाणे आणि येणे यांच्या मधला मुलूख अंधारातच राहिला. कॅनडाचे हंट्समन यांच्यासारखा विचक्षण शास्त्रज्ञही, नदीच्या पाण्याचा प्रभाव समुद्रात जिथवर पोचतो त्याच्या फारसे पलीकडे साल्मन जात नसावा, असे प्रतिपादन करीत असे. आणि विरुद्ध दाखला हाती नसताना त्यांना खोडून काढणे सोपे नव्हते.

तो दाखला १९५६ मध्ये मिळाला. स्कॉटलंडात खूणपट्टी लावून सोडलेला एक साल्मन अटलांटिक ओलांडून पश्चिम ग्रीनलंडच्या किनाऱ्यावर पकडला गेला. ग्रीनलंडात साल्मन अंडी घालतो अशी नदी जवळजवळ नाहीच. नूकजवळची कापिसिलितची नदी हा एक अपवाद. तेव्हा तिथल्या समुद्रात सापडणारे मासे पाहुणे असले पाहिजेत, हे उघड झाले. पुढे तिथेच खूणपट्ट्या लावल्यावर युरोप आणि उत्तर अमेरिका या दोन्ही खंडांतले मासे या एकाच पंगतीला बसतात, त्यांतही दुसरा हिवाळा समुद्रात काढू पाहणाऱ्या, मोठ्या, मुख्यत्वे मादी माशांचा भरणा असतो, असे आढळले.

शोध लागला आणि त्याच्या पाठोपाठ जाळीही आली. याचा दोष शास्त्रज्ञांच्या माथी मारण्याचे मला प्रयोजन दिसत नाही, कारण ग्रीनलंडवासी किनाऱ्यालगत ही मासेमारी आधीपासून करीत होते. परंतु साठीच्या दशकात परदेशी जहाजे तरंगती जाळी घेऊन खोल समुद्रात उतरली आणि १९७१ मध्ये पश्चिम ग्रीनलंडची पकड सुमारे २,७०० टनांवर गेली. नदी एकाची, चराऊ रान दुसऱ्याचे आणि जाळे तिसऱ्याचे, अशी ही गुंतागुंत सोडवण्यासाठी उत्तर अटलांटिकच्या साल्मन संरक्षणाचा करार १९८३ मध्ये अमलात आला आणि किनाऱ्यापासून बारा सागरी मैलांपलीकडची साल्मन मासेमारी, ग्रीनलंड व फेरो बेटांपुरते अपवाद ठेवून, बंद झाली.

पॅसिफिकमध्ये तर शास्त्राला हद्दीच्या तंट्यात साक्षीदार म्हणूनच उभे राहावे लागले. अमेरिका, कॅनडा आणि जपान यांच्यात १९५२ मध्ये झालेल्या तहात १७५ अंश पश्चिम रेखावृत्त ही तात्पुरती रेषा ठरली. तिच्या पूर्वेस जपानी जहाजांनी साल्मन पकडू नये, आणि आशियाचे मासे व अमेरिकेचे मासे यांना ही रेषा खरोखर विभागते की नाही याची रुजुवात संशोधनाने करावी, असे ठरले. माशांनी तह वाचला नव्हता. अलास्काच्या ब्रिस्टल उपसागरातले लाल साल्मन त्या रेषेच्या पश्चिमेस दूरवर चरत असल्याचे निष्पन्न झाले. या कामी कॅनडाच्या लिओ मार्गोलिस यांनी योजलेली युक्ती मला फार आवडते: माशाला बाहेरून खूण करण्याऐवजी त्यांनी त्याच्या देहातले परजीवी कृमी तपासले. एका जातीचा पट्टकृमी ब्रिस्टल उपसागराच्या गोड्या पाण्यात लागतो, दुसऱ्या जातीचा गोलकृमी कामचाटकाच्या. तेव्हा भर समुद्रात पकडलेल्या माशाने आपल्या जन्मगावाचा दाखला आपल्याच देहात वागवलेला असतो.

आता खवल्यांकडे वळतो. साल्मनचा खवला माशाबरोबर वाढतो आणि त्यावर वर्तुळे उमटतात. नदीत दाट, समुद्रात विरळ, आणि हिवाळ्यात पुन्हा दाट. विसाव्या शतकाच्या आरंभी स्कॉटलंडात हे वाचन रूढ झाले, आणि तेव्हापासून अनेक देशांच्या मत्स्यखात्यांत एक नीरस काम सुरू झाले: आलेल्या माशाचे चार खवले काढायचे, लहानशा पाकिटात घालायचे, वर तारीख, नदी, लांबी, वजन लिहायचे आणि कपाटात ठेवायचे. हेतू एवढाच की वय मोजता यावे. वय मोजून झाल्यावर ती पाकिटे फेकून दिली असती तरी कोणी जाब विचारला नसता. ती राहिली, याचे श्रेय दूरदृष्टीला द्यावे की सरकारी कचेरीच्या कागद न टाकण्याच्या सवयीला, हे मी सांगू शकत नाही. पुण्याच्या पेशवे दप्तरातले कागदांचे कित्येक रुमालही याच सवयीने वाचले असावेत.

त्या पाकिटांचा नवा अर्थ २०११ मध्ये साउदॅम्प्टनच्या संशोधकांनी लावला. समुद्रातील सूक्ष्म वनस्पती कार्बन शोषतात तेव्हा त्याच्या जड आणि हलक्या समस्थानिकांचे प्रमाण पाण्याचे तापमान आणि वनस्पतींची वाढ यांनुसार बदलते, आणि तो बदल कोळंबीसारख्या क्षुद्र जीवांतून, लहान माशांतून साल्मनच्या खवल्यापर्यंत पोचतो. इंग्लंडच्या दक्षिणेकडील फ्रोम नदीच्या आणि ईशान्य किनाऱ्यावरच्या माशांचे अनेक वर्षांचे जतन केलेले खवले घेऊन त्यांतील कार्बनची वर्षागणिक चढउतार त्यांनी मांडली, आणि उत्तर अटलांटिकच्या कोणत्या भागातल्या तापमानाची चढउतार तिच्याशी जुळते ते तपासले. जिथे मेळ बसला तेच चरण्याचे ठिकाण. फ्रोमचे मासे आइसलँडच्या आसपास आणि ईशान्येकडचे नॉर्वेजियन समुद्रात, पार बेअर बेटाच्या दिशेने चरत असावेत, असा निष्कर्ष निघाला. एकाच छोट्या देशाच्या दोन किनाऱ्यांचे मासे असे भिन्न दिशांना पांगतात. त्यामुळे एकाची संख्या घटली म्हणून दुसऱ्याचीही त्याच कारणाने घटली असेल, असे मानता येत नाही.

ही पद्धत निर्दोष नाही. खवला एका हंगामाची सरासरी सांगतो, मुक्कामाची यादी देत नाही. शिवाय नदीतल्या उपवासात आणि अंडी घालण्याच्या काळात खवल्याची कड झिजते, म्हणजे शेवटचे पान फाटलेले मिळते. उपग्रहाशी बोलणारी खूणपट्टी अधिक नेमकी खरी, आणि तिच्यामुळे साल्मन ध्रुवीय पाण्याच्या सीमाप्रवाहांपर्यंत धाव घेतो हे अलीकडे स्पष्ट झाले. पण ती पेलण्यास मासा मोठा लागतो. नदीतून नुकत्याच उतरलेल्या पिल्लाच्या गळ्यात ती घंटा बांधता येत नाही, आणि सर्वांत अधिक पिल्ले दगावतात ती तर समुद्रातल्या पहिल्याच काही महिन्यांत. त्यांच्यासाठी जाळ्यात आलेल्या पिल्लाची आनुवंशिक तपासणी करून त्याची नदी ओळखणे, आणि परतलेल्याचा खवला वाचणे, हेच मार्ग उरतात.

आपल्याकडे साल्मन नाही. पण समुद्रातून नदीत चढणारा पाला आहे, ज्याला बंगालमध्ये इलिश म्हणतात. १९७५ मध्ये फराक्काचा बंधारा झाल्यावर गंगेतून प्रयागपर्यंत आणि पलीकडे जाणारी त्याची वाट अडली. उष्ण कटिबंधातल्या माशाच्या खवल्यावर हिवाळ्याची वर्तुळे साल्मनइतकी ठळक उमटत नाहीत, ही अडचण मला ठाऊक आहे. परंतु कार्बनला वर्तुळांची गरज नसते, तारखेची असते. म्हणून माझी सूचना अशी की आपल्या सभासदांनी, ज्यांच्या ज्यांच्या बंदरावर पाला उतरतो त्यांनी, दर हंगामात काही माशांचे खवले काढून, ठिकाण, तारीख, लांबी आणि वजन लिहून, पाकिटे कोकणच्या पावसाळ्यात बुरशी लागणार नाही अशा डब्यात ठेवावीत, आणि त्यांची एक नोंदवही परिषदेच्या कचेरीत असावी. खर्च पाकिटांचा आणि एका कपाटाचा. तसा ठराव मी अध्यक्षपदावरूनच मांडतो. अनुमोदन कोणी द्यायचे ते सभेने ठरवावे.