पॅनेलची पाठ बघा

मी कविता लिहिणारा, साधा बी.ए. झालेला माणूस. तरी आज सौर पॅनेलवर बोलतो आहे, कारण या विषयाची फी मी भरली आहे.

१९६९ पासून अणुवीज तयार करणाऱ्या तारापूरच्या शेजारी, बोईसरला आमचे घर. पतपेढीचे कर्ज काढून आम्ही छपरावर पॅनेल बसवली. कर्ज फिटले, आणि सातव्या पावसाळ्यात इन्व्हर्टर रुसू लागला. ओल्या सकाळी बंद, दुपारी ऊन पडले की चालू. वायरमनने सगळे बंद करून पॅनेलच्या पाठीवर बोट फिरवले. बोटाला पांढरी पूड लागली. बारीक भेगाही होत्या. ‘‘चाचा, काच ठणठणीत आहे, पाठ गेली. ओल आली की वीज झिरपते, म्हणून मशीन थांबते,’’ तो म्हणाला.

पॅनेल म्हणजे काच आणि सिलिकॉन, असे आपण समजतो. ती दोन्ही चिवट. त्यांना धरून ठेवते ते प्लास्टिक. सेलच्या वर आणि खाली इव्हीएचा पारदर्शक थर असतो. हलक्या चपलांचे तळ ज्याचे करतात, तेच हे द्रव्य. उन्हातल्या अतिनील किरणांनी आणि उष्णतेने ते पिवळे पडते, उजेड अडतो. दमट हवा शिरली की त्यातून ॲसिटिक आम्ल सुटते. आमच्या घरात ज्याला सिरका म्हणतात, त्यातलेच हे आम्ल. ते आतल्या धातूच्या रेघा खाते. पाठीला असते बॅकशीट. तिचे आयुष्य तिच्या प्लास्टिकवर ठरते. २०१० च्या सुमारास बसवलेल्या पॉलिअमाइडच्या अनेक बॅकशीट जगभर लवकर तडकल्या.

आयआयटी मुंबई आणि सहकारी संस्थांनी २०१३ पासून देशभर पाहण्या केल्या. उष्ण भागात, आणि जमिनीपेक्षा छपरावर, पॅनेल लवकर थकतात असे त्यांत दिसले. आमच्याकडे तर उष्म्याच्या जोडीला समुद्राची दमट हवाही आहे.

माझ्या कागदावर २५ वर्षांची हमी ठळक छापली होती. ती वीजनिर्मितीची. वस्तूची हमी वेगळी, पाच वर्षांची. ती संपली होती.

२०२४ मध्ये ‘पीएम सूर्यघर’ योजना आली, तेव्हापासून पालघरचे नातेवाईकही सल्ला विचारतात. मी सांगतो, बॅकशीट कशाची आहे ते बिलावर लिहून घ्या. वस्तूची हमी किती वर्षांची, ते वेगळे विचारा. छपराला भार पेलत असेल तर दोन्ही बाजूंनी काच असलेल्या पॅनेलचाही भाव काढा. पॅनेलखाली वारा खेळू द्या. आणि दरवर्षी पावसाळ्याआधी जाणत्या माणसाकडून पाठ तपासून घ्या. समोरची काच आपण पुसतोच. पाठीकडे कुणी बघत नाही. मीही सात वर्षे बघितले नव्हते.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)