काळाराम मंदिराचे वैभव

(ज्ञातिसंस्थेच्या वार्षिक संमेलनातील भाषण)



नाशिकचे नाव घेताच गोदावरी, पंचवटी आणि काळाराम ही त्रयी डोळ्यांसमोर उभी राहते. अठराव्या शतकाच्या अखेरीस सरदार रंगराव ओढेकर यांनी जुन्या लाकडी देवळाच्या जागी हे पाषाणमंदिर उभविले. दररोज दोन हजार माणसे बारा वर्षे येथे राबत होती, असे परंपरा सांगते. राम, लक्ष्मण व सीता यांच्या काळ्या पाषाणाच्या मूर्ती, सभोवार भक्कम तट, खांबांच्या ओवऱ्या आणि चैत्रातील कामदा एकादशीचा रथोत्सव यांचे वर्णन करावे तेवढे थोडेच.

शिक्षकी पेशात असताना आम्ही प्रतिवर्षी विद्यार्थ्यांस तेथे नेत असू व खांब मोजावयास सांगत असू. एके वर्षी एक मुलगा दरवाजापाशीच थांबला. कारण पुसता म्हणाला, "गुरुजी, माझे आजोबा या दाराशी बसले होते. त्यांना आत जाऊ दिले नाही. आधी दार पाहतो, मग खांब मोजतो." आम्ही निरुत्तर झालो. आमच्या पाठात खांब होते, दार नव्हते.

२ मार्च १९३० रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या नेतृत्वाखाली हजारो स्त्रीपुरुष शिस्तीने या मंदिरापर्यंत आले. दरवाजे बंद करण्यात आले. दादासाहेब गायकवाड आदी कार्यकर्त्यांनी हा सत्याग्रह पुढे काही वर्षे नेटाने चालविला. तरी दार उघडले नाही. १३ ऑक्टोबर १९३५ रोजी याच जिल्ह्यातील येवले येथे, आपण हिंदू म्हणून मरणार नाही, असे बाबासाहेबांनी जाहीर केले. पुढे १९४७ साली मुंबई प्रांतात मंदिरप्रवेशाचा कायदा झाला, आणि १९५० साली अमलात आलेल्या राज्यघटनेने अस्पृश्यता नष्ट केली. परंतु ज्यांच्या तोंडावर दार लागले, त्यांच्यापैकी कित्येकांची वाट तोवर निराळी झाली होती.

आमचे आजोबा रामभक्त होते; नित्य गोदास्नान करीत. दार बंदच असावे, या मताचे ते होते. आमच्या घरी हा विषय कधी निघत नसे. त्यांच्याविषयीचा आदर कमी न होऊ देता हे आज आम्ही आपणांपुढे सांगतो, कारण पूर्वजांचे वैभव आपले म्हणावयाचे, तर त्यांची चूकही आपलीच म्हटली पाहिजे.

आता घरचे एक दार. आपल्या संस्थेच्या विद्यार्थी वसतिगृहात गतवर्षी सहा खोल्या रिकाम्या राहिल्या, आणि ज्ञातीबाहेरील गरीब विद्यार्थ्यांचे अर्ज नियमावर बोट ठेवून परत पाठविण्यात आले. येत्या सर्वसाधारण सभेत हा नियम रद्द व्हावा, अशी सूचना आम्ही मांडणार आहोत. तीस आपण अनुमोदन द्यावे, ही नम्र विनंती.

मंदिराचे वैभव शिखरावरून दिसते खरे; पण ते कळते उंबरठ्यावर. प्रभू रामचंद्र आपणां सर्वांस सद्बुद्धी देवोत.