प्राचार्यांचे घर आणि खाशाबांचे पदक

२०२५ च्या जानेवारी अखेरीस अहिल्यानगरच्या वाडिया पार्कवर महाराष्ट्र केसरीच्या कुस्त्या झाल्या. सावेडीहून मीही गेलो होतो. माझ्या मागे बसलेले एक म्हातारबुवा म्हणाले, "पैलवान पुष्कळ झाले हो, पण खाशाबा एकच!" आज त्याच खाशाबांविषयी चार शब्द सांगायचे आहेत.

खाशाबा दादासाहेब जाधव ह्यांचा जन्म १५ जानेवारी १९२६ रोजी कराडजवळच्या गोळेश्वर गावी झाला. वडील स्वतः पैलवान. तेव्हा लाल माती घरचीच. अंगलट मात्र किरकोळ, उंची बेताची. कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजात स्पर्धेसाठी नाव द्यायला गेले, तेव्हा त्यांच्या बांध्याकडे पाहून त्यांना परत पाठवण्यात आले, असे सांगतात. ते सरळ प्राचार्य बॅरिस्टर खर्डेकर ह्यांच्याकडे गेले. प्राचार्यांनी परवानगी दिली आणि ह्या पोराने आपल्याहून धिप्पाड गड्यांना चीत केले. ढाक हा त्यांचा हातखंडा डाव.

१९४८ साली कोल्हापूरच्या महाराजांच्या मदतीने ते लंडनच्या ऑलिंपिकला गेले. मातीत वाढलेला मल्ल गादीवर उतरला आणि तरीही सहावा आला. पुढचे ऑलिंपिक १९५२ चे, हेलसिंकीला. पण जायचे कशाने? गावाने वर्गणी काढली, ती पुरेना. तेव्हा खर्डेकरांनी आपले राहते घर गहाण टाकून सात हजार रुपये उभे केले. श्रोतेहो, १९५२ चे सात हजार! उद्या हा मुलगा हात हलवीत परत आला असता, तर?

तो तसा आला नाही. ५७ किलो वजनी गटात कॅनडा, मेक्सिको आणि जर्मनीच्या मल्लांना त्याने हरवले. सोव्हिएत मल्लापुढे आणि जपानच्या इशीपुढे हार झाली. हा इशी मूळचा ज्युदोचा गडी; युद्धानंतर जपानात ज्युदोवर बंदी आली म्हणून कुस्तीकडे वळलेला. त्याला सुवर्णपदक मिळाले, खाशाबांना कांस्य. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक. तसे दुसरे मिळायला १९९६ साल उजाडावे लागले!

गावाने दीडशेवर बैलगाड्या जुंपून मिरवणूक काढली. मिरवणूक संपली, की पुष्कळांना देणे विसरायला होते. खाशाबांनी कोल्हापुरात कुस्त्यांची मैदाने भरवली, स्वतः लढले आणि त्या पैशातून प्राचार्यांचे घर सोडवले. मला पदकापेक्षा ही कुस्ती मोठी वाटते.

पुढे १९५५ साली ते पोलिसात फौजदार झाले आणि नोकरीतून निवृत्त झाल्यावर १४ ऑगस्ट १९८४ रोजी अपघातात गेले. अर्जुन पुरस्कार मिळाला तो मरणोत्तर.

आता एक कबुली. काही वर्षांपूर्वी माझ्या वर्गात तालमीतला एक मुलगा होता. स्पर्धांमुळे त्याची हजेरी कमी पडली. तो माझ्याकडे आला, दाराशी उभा राहिला. मी हजेरीपट उघडून आकडा दाखवला. नियमच तसा होता. त्याने खाली पाहिले, "बरं, सर," म्हणाला आणि गेला. पुन्हा वर्गात दिसला नाही. नियम माझ्या बाजूला होता, हे आजही खरे आहे. पण मी त्याला एवढेही विचारले नाही, की बाबा, कुस्ती कुठे आहे, कोणाशी आहे?

घर गहाण टाकणे सर्वांना जमणार नाही. मलाही जमले नसते. पण तुमच्या दाराशी असा कोणी उभा राहिला, तर हजेरीपट उघडण्याआधी त्याला बसायला सांगा. एवढे तरी आपल्या हाती आहे.